अद्भुताचा वसा

सांगलीहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. पत्र चार पानांचें असून त्यांतील पहिलीं तीन पानें घरांतील मंडळींची ओळख करून देण्यांतच खर्च झालीं आहेत. परंतु एकत्र कुटुंबांतला तंटा समजून घ्यावयाचा तर ती ओळख आवश्यकच असते, म्हणून आम्हीं ती काळजीपूर्वक वाचली. तंटा असा: बाईंचा मुलगा आठवींत शिकतो. हुषार आहे, गणितांत पहिला येतो. परंतु गोष्टी वाचावयास बसला कीं भुताखेतांच्या, परग्रहांवरील प्राण्यांच्या आणि राक्षस-चेटकिणींच्या कथांवांचून त्याला दुसरें कांहीं गोड लागत नाहीं. बाईंचे सासरे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांनीं नातवाच्या दप्तरांतून असलीं तीन पुस्तकें काढून कपाटांत कुलुपबंद केलीं. सासूबाई नातवाच्या बाजूच्या, यजमान कोणत्याच बाजूचे नाहींत, आणि मुलगा आजोबांशीं पंधरा दिवस बोललेला नाहीं. "पूर्वीं दोघे रोज संध्याकाळीं मिळून फिरावयास जात," असें बाई शेवटीं लिहितात, "आतां मामंजी एकटे जातात."

हें वाचन थांबवावें कीं चालूं द्यावें, एवढेंच बाईंना विचारावयाचें आहे. उत्तर एका ओळींत देतां आलें असतें. परंतु या सदरांत आजवर चरित्रें, प्रवासवर्णनें, सामाजिक व ऐतिहासिक कादंबऱ्या यांचाच परामर्श घेतला गेला. अद्भुत कथांना आम्हीं उंबऱ्याच्या आंत घेतलें नाहीं, आणि त्याचें कारण वाङ्मयीन नसून अगदीं घरगुती आहे. तें आधीं सांगितलें पाहिजे. नाहींतर पुढील सल्ला देण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं.

१९६८ सालची गोष्ट. पुण्यांतील आमच्या वाड्यांत त्या वेळीं लहानमोठीं मिळून एकोणीस माणसें होतीं. आम्ही सतरा वर्षांचे आणि आमचा धाकटा भाऊ बारा वर्षांचा. कोपऱ्यावरच्या वाचनालयांतून आजीच्या नांवावर पुस्तकें येत. आजीला हवीं असत संतचरित्रें आणि भावाला हव्या असत भयकथा. दोन पुस्तकांच्या वर्गणींत दोघांचेंही भागे. एके रात्रीं माजघरांतल्या दिव्याखालीं तो असली एक कादंबरी वाचीत असतांना आम्हीं पाहिलें, आणि मोठ्या भावाचें कर्तव्य समजून वडिलांस जाऊन सांगितलें. वडील रागावले नाहींत. सकाळीं त्यांनीं पुस्तक मागवून घेतलें, चाळलें, मधल्या दोन ओळी मोठ्यानें वाचल्या, "हें असलें वाचून काय होणार?" एवढेंच म्हणाले, आणि न्हाणीघरांत जाऊन तें बंबांत घातलें. भाऊ रडला नाहीं. बंबाजवळ उभा राहून त्यानें फक्त विचारलें, "शेवटीं काय होतें तें कोणी वाचलें आहे का?" कोणींच वाचलेलें नव्हतें. वाचनालयाच्या अनामत रकमेंतून पुस्तकाची किंमत वळती झाली आणि आजीची वर्गणी बंद पडली. त्या दिवशीं बंबांतल्या पाण्यानें पहिलें स्नान आम्हींच केलें. त्यानंतर भावानें घरांत शाळेच्या पुस्तकाखेरीज दुसरें पुस्तक उघडल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

आतां सांगलीच्या गुरुजींची बाजू. ती आम्ही हसण्यावारी नेत नाहीं. पुराणांतलीं विमानें खरोखरच आकाशांत उडत होतीं, अमुक मंत्राच्या कंपनांनीं तमुक रोग बरा होतो, असलीं विधानें शास्त्राचा अंगरखा घालून आज हातांतल्या दूरध्वनीवर घरोघर फिरत आहेत, आणि चांगलीं शिकलेलीं माणसें तीं पुढें धाडीत आहेत. ज्या गृहस्थानें सारा जन्म मुलांना पुरावा म्हणजे काय हें शिकविण्यांत घालविला, त्याला नातवाच्या हातीं परग्रहावरचा राक्षस दिसला तर धसका बसणें स्वाभाविक आहे. खोट्याची चटक लागलेलें मन प्रयोगशाळेंत कसें टिकणार, ही त्यांची चिंता आहे. चिंता खरी आहे. रोगाचें निदान मात्र चुकलें आहे असें आम्हांस वाटतें. दूरध्वनीवरचें विमान आपण कल्पित आहोंत हें लपवितें. कथेंतलें विमान तें पहिल्याच पानावर सांगून टाकतें, आणि मग वाचकाला म्हणतें कीं, एवढें घटकाभर मान्य कर आणि पुढें काय होतें तें तपासून पाहा.

शिवाय गुरुजींच्या घरांत अद्भुत कथा नातवानें प्रथम आणली असें थोडेंच आहे? सासूबाई श्रावणांतल्या शुक्रवारीं जिवतीची कहाणी वाचीत असतीलच. त्या कहाणींत राणीला मूल नसतें, म्हणून सुईण एका गरीब ब्राह्मणीचा नुकताच जन्मलेला मुलगा पळविते आणि त्याच्या जागीं वरवंटा ठेवते. ती आई मग कांहीं गोष्टी वर्ज्य करिते: हिरवें लुगडें नेसावयाचें नाहीं, कारल्याच्या मांडवाखालून जावयाचें नाहीं, तांदळाचें धुवण ओलांडावयाचें नाहीं. दर शुक्रवारीं ती जिवतीची पूजा करून अक्षता उडविते आणि मूल जेथें असेल तेथें खुशाल असो म्हणते. मुलगा राजवाड्यांत वाढतो, राजा होतो, आणि अजाणपणीं आपल्याच आईविषयीं त्याच्या मनांत पाप येतें, तेव्हां दारांतलें वासरूं बोलूं लागतें आणि गाय त्याला उत्तर देते. तें ऐकून राजा मागें फिरतो. शेवटीं तो साऱ्या गांवाला भोजन घालतो. ब्राह्मणी निरोप धाडते कीं माझे अमुक अमुक नेम आहेत, ते मोडत नसतील तर येईन. आणि ती पंगतींत बसली असतां आईला पान्हा फुटून ओळख पटते.

लहानपणीं ही कहाणी आम्हीं हातांत अक्षता धरून शेंकडों वेळां ऐकली असेल. परंतु तिची बांधणी किती कसलेली आहे हें साठी उलटल्यावर ध्यानांत आलें. वासरूं बोलतें याचें नवल कोणी करीत नाहीं. पण ब्राह्मणीनें धुवण ओलांडलें असतें तर ऐकणाऱ्या साऱ्या बायका "अग बाई!" म्हणून ओरडल्या असत्या. कारण वासराचें बोलणें कहाणीच्या नियमांत बसतें, आणि नेम मोडणें बसत नाहीं. कहाण्यांच्या भाषेंत याला वसा म्हणतात. घेतला वसा टाकावयाचा नाहीं, हें पथ्य कहाणींतल्या बाईला आहे तसेंच कहाणी सांगणाराला आहे. अद्भुत पुस्तक हातीं आलें कीं आम्ही अलीकडे हेंच पाहतों: लेखकानें आरंभीं कोणता वसा घेतला आणि तो कोणत्या पानावर टाकला? याहून निराळी कसोटी आम्हांस आजवर सांपडलेली नाहीं, आणि ही आम्हांस कोणा टीकाकारानें नव्हे, तर आजीनें दिली.

जुन्या मराठी शास्त्रीमंडळींना या कथांचें वावडें नव्हतें. मराठींत छापलेल्या अगदीं पहिल्या पुस्तकांपैकीं एक कोणतें? १८१४ सालीं बंगालमधील सेरामपूर येथें मोडी अक्षरांत निघालेली 'सिंहासनबत्तिशी'. म्हणजे बोलणाऱ्या पुतळ्यांच्या गोष्टी. कृष्णशास्त्री चिपळूणकर न्याय, अलंकार, धर्मशास्त्र शिकलेले. त्यांनीं 'मेघदूत' मराठींत आणलें, अर्थशास्त्रावर लिहिलें, व्याकरणावर निबंध लिहिले, आणि त्याच लेखणीनें 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' लिहावयास घेतल्या. १८७८ सालीं ते वारले तेव्हां काम अपुरें होतें. तें त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनीं पुरें केलें. मराठी भाषेचा अभिमान सांगतांना आपण ज्या विष्णुशास्त्र्यांचें नांव घेतों, त्यांनीं दिव्यांतून निघणाऱ्या राक्षसाला कमी लेखलें नाहीं. आजही तें पुस्तक नव्या आवृत्तींत मिळतें. ज्यांच्या घरीं वाढतीं मुलें आहेत त्यांनीं तें घ्यावें. मात्र सगळ्याच गोष्टी मुलांसाठीं नाहींत, हें आधीं चाळून पाहावें. भाषांतर म्हणून तें वाचूंच नये. शास्त्रीबुवांनीं बगदादच्या व्यापाऱ्यांना असें बोलतें केलें आहे कीं ते बुधवारांत दुकान मांडून बसले असतील असें वाटावें.

पुनर्कथन म्हटलें कीं कांहीं मंडळी नाक मुरडतात, मूळ तेंच खरें म्हणतात. अलिबाबा आणि अल्लाउद्दीन यांच्या गोष्टी जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहींतच! १७०९ सालीं पॅरिसमध्यें हन्ना दियाब नांवाच्या अलेप्पोच्या एका तरुणानें त्या फ्रेंच भाषांतरकार अंत्वान गालां यांना सांगितल्या, आणि गालांनीं आपल्या ग्रंथांत घातल्या. ग्रिमबंधूंनींही आपल्या कथा आवृत्तीगणिक बदलल्या. आपण जिला हिमगौरी म्हणतों तिचा छळ करणारी राणी १८१२ च्या पहिल्या आवृत्तींत तिची सख्खी आई आहे. १८१९ पासून ती सावत्र झाली. सख्खी आई असें वागते हें लहानांच्या पुस्तकांत नको, असें त्यांना वाटलें असावें. बदलण्याला आमची हरकत नाहीं. परंतु बाजारांत मिळणाऱ्या रंगीत पातळ पुस्तकांत हिमगौरी वाचून पाहा. कित्येकांत राणीची शिक्षा गाळलेली असते. तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावयास लावणें ही ती शिक्षा, आणि चार वर्षांच्या मुलासाठीं ती गाळली तर आम्ही दोष देणार नाहीं. पण एका पुस्तकांत आम्हीं असें पाहिलें कीं आरसाच राणीला खूष ठेवण्यासाठीं एकदां खोटें बोलतो. येथें वसा सुटला. आरसा खोटें बोलूं लागला तर पुढची सारी गोष्ट घडावीच कशाला? चित्रें सुरेख होतीं. पुस्तक आम्हीं परत केलें.

मग हें वाङ्मय आपल्या घरांतून हद्दपार केव्हां झालें? १८६१ सालीं हळब्यांची 'मुक्तामाला' निघाली तेव्हां अद्भुत कादंबरी हीच कादंबरी होती. १८९० पासून 'करमणुकी'त हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' येऊं लागली आणि मराठी घरांतलें खरें दुःख प्रथमच कागदावर उतरलें. तो लाभ एवढा मोठा होता कीं त्यापुढें अद्भुत कथा पोरकट वाटूं लागली. हें योग्यच झालें असें आम्ही आजही म्हणूं. वाईट झालें तें निराळेंच. अद्भुत कथा वाचणारे कमी झाले नाहींत, फक्त त्यांचें परीक्षण करणारे उरले नाहींत. १९०० सालीं कृष्णाजी नारायण आठल्यांच्या 'केरळकोकिळ' मासिकांत ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा मराठींत क्रमशः आली, तेव्हां ती परखड पुस्तकपरीक्षणांच्या शेजारीं बसली होती. पुढें दातारशास्त्र्यांच्या कादंबऱ्या, बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, नारायण धारपांच्या भयकथा, हें सारें वाचनालयांच्या फळ्यांवर झिजत राहिलें. आणि त्यांतलें हिणकस कोणतें व कसदार कोणतें हें सांगावयास कोणी पुढें आलें नाहीं. मोठीं माणसें सरसकट बंदी घालीत, मुलें सरसकट वाचीत.

व्हर्नचेंच उदाहरण घ्या. १८६५ च्या त्या कादंबरींत तीन माणसें प्रचंड तोफेच्या गोळ्यांत बसून चंद्राकडे जातात. गुरुजी तात्काळ सांगतील कीं तोफ डागल्याबरोबर तिघांचाही चेंदामेंदा झाला असता. आणि ते बरोबर सांगतील. पण तेवढें एक गृहीत सोडलें तर व्हर्न बाकीचा हिशोब किती सचोटीनें करतो! विषुववृत्ताजवळची जागा हवी म्हणून तो तोफ फ्लॉरिडांत नेतो. आणि १९६९ सालीं खरे चंद्रवीर निघाले तेही फ्लॉरिडांतूनच. आठवीच्या मुलाला चूक कोठें आहे तें शोधावयास सांगावें, आणि आजोबांनीं आंकडेमोड तपासावी. याहून चांगला भौतिकशास्त्राचा धडा आम्हांस सुचत नाहीं.

आतां ज्या कथेसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतों. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत 'कृष्णविवर' या कथेला पहिलें पारितोषिक मिळालें. लेखक होते कोणी नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे आद्याक्षरें उलटीं करून बसलेले डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या कीर्तीकडे पाहून कोणी गुण देऊं नयेत म्हणून त्यांनीं हा वेष घेतला होता. दुसऱ्याच वर्षीं कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनीं त्यांच्या लेखनाची प्रशंसा केली. २०२१ सालीं नाशिकच्या संमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें. एवढा मान मिळूनही त्यांच्या कथा घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं वाचलेल्या नसतात. 'मुलांसाठीं बरें आहे' म्हणून पुस्तक विकत घेतलें जातें आणि मुलांच्या कपाटांत जातें.

त्यांची 'धूमकेतू' ही कथा मात्र मोठ्यांसाठींच आहे. दत्तदा हे निवृत्तीनंतर दुर्बीण घेऊन रात्रभर आकाश न्याहाळणारे बंगाली गृहस्थ. त्यांना नवा धूमकेतु सांपडतो, जगभर नांव होतें. पत्नी इंद्राणीदेवी मात्र त्या यशांत अपशकुन पाहतात. पुढें एका इंग्रज शास्त्रज्ञाच्या गणितांतून निघतें कीं हा धूमकेतु पृथ्वीवर आदळणार. केंब्रिजला गुप्त परिषद भरते, आणि अवकाशांत अणुस्फोट घडवून धूमकेतूची वाट किंचित् बदलावी असें ठरतें. दत्तदा त्या परिषदेस जाऊन परत येतात तों घरांत धूमकेतूच्या शांतीसाठीं यज्ञाची तयारी. त्यांना संताप येतो. परंतु खरी गोष्ट बोलावयाची नाहीं असें बंधन आहे. यथाकाल संकट टळतें, आणि घरांत त्याचें श्रेय जातें यज्ञाला.

ही कथा आम्हीं प्रथम वाचली तेव्हां शास्त्रज्ञाच्या बाजूनें वाचली आणि इंद्राणीदेवींचा राग आला. दुसऱ्यांदा वाचली ती आमच्या घरांत एका नातवाच्या आजारपणांत. एकीकडे डॉक्टरांचें औषध चालूं होतें आणि दुसरीकडे घरांतल्या बायकांनीं महामृत्युंजयाचा जप मांडला होता. मूल बरें झालें. श्रेय कशाला गेलें तें सांगण्याची गरज नाहीं. त्या वेळीं दत्तदांचें एकटेपण आम्हांस खरें कळलें. आकाशांतल्या दगडाला वळविणें साधलें. घरांतल्या माणसाला जें ठाऊक आहे तें सांगणें साधलें नाहीं. लेखक कोणाच्या बाजूचा आहे याविषयीं तिळमात्र संशय राहत नाहीं, आणि तरीही इंद्राणीदेवी त्यानें खलनायिका केलेल्या नाहींत. त्या जें करतात तें घराच्या मायेपोटीं करतात. सांगलीच्या गुरुजींच्या मनांतलें दुःख याहून निराळें काय आहे? मंत्रतंत्राच्या विरुद्ध ते आयुष्यभर बोलत आले, आणि तीच बाजू घेऊन लिहिलेली गोष्ट कदाचित् त्यांच्याच कपाटांत कुलुपाआड पडली असेल.

वसाही येथें शेवटपर्यंत पाळला आहे. लांबवरून येणाऱ्या पिंडाला फार आधीं अगदीं लहानसा धक्का दिला तरी पुरतो, हें कथेचें गृहीत. २०२२ च्या सप्टेंबरांत अमेरिकेचें 'डार्ट' नांवाचें यान मुद्दाम डिमॉर्फस या छोट्या खगोलावर आदळविण्यांत आलें; त्याला आपल्या मोठ्या जोडीदाराभोवतीं फिरण्यास जो वेळ लागे तो सुमारें ३२ मिनिटांनीं कमी झाला. तेथें अणुस्फोट नव्हता आणि पृथ्वीला धोकाही नव्हता, परंतु धक्का देतां येतो एवढें सिद्ध झालें.

दोष सांगावयाचा तर तो असा कीं, केंब्रिजच्या परिषदेंतलीं माणसें एकाच माणसासारखीं बोलतात; इतिवृत्त वाचीत आहोंत असें वाटतें. हाच दोष 'गंगाधरपंतांचें पानिपत' या त्यांच्या दुसऱ्या गाजलेल्या कथेंत जास्त जाणवतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगांत जातात कीं जेथें १७६१ सालीं मराठे पानिपत जिंकले. विश्वासरावांना लागावयाची गोळी त्यांना चाटून जाते, एवढाच फरक. त्या जगांतली मुंबई, ग्रंथालयांत बसून 'फरक कोठें पडला' हें इतिहासाच्या पुस्तकांतून शोधणारे पंत, हा भाग इतका रंगतो कीं चहा गार होतो. पण शेवटीं त्यांचे स्नेही हें सारें कसें घडलें तें समजावूं लागतात आणि आपण वर्गांत जाऊन बसतों. समजावणें चुकीचें नाहीं; कथा मात्र तेवढा वेळ बाहेर उभी राहते.

धारपांविषयीं (१९२५–२००८) याच्या उलट म्हणावें लागेल. त्यांना समजावण्याची घाई नसते. भाड्याचें घर, नवीन बिऱ्हाड, रोजचा चहा, आणि भिंतीवर काल नसलेला एक डाग. एवढ्यावर ते पन्नास पानें माणसाला श्वास रोखून बसवितात. मध्यमवर्गीय मराठी घराच्या कोनाकोपऱ्यांची त्यांच्याइतकी नेमकी जाण प्रतिष्ठित कादंबरीकारांतही फार थोड्यांना होती. त्यांच्या एका कथेचा अंश 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटांत आल्यापासून नवी पिढी पुन्हां त्यांना वाचूं लागली आहे. परंतु त्यांच्या 'समर्थां'च्या कथा आम्हांस तितक्या रुचत नाहींत. समर्थ आले कीं जिंकणार हें ठरलेलें. भीतीला जागाच उरत नाहीं. कांहीं कादंबऱ्यांचीं कथानकें स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाकडून आलेलीं आहेत, हेंही मुलांना सांगावें. उसनें घेऊन घरचें कसें केलें हें पाहण्यांतही मौज असते. लहान भावंडांना निजावयाच्या वेळीं हीं पुस्तकें वाचून दाखवूं नयेत, एवढें पथ्य पुरे.

जीं खरोखर टाकाऊ तीं निराळीं. अलीकडे एक कादंबरी अभिप्रायार्थ आली. लेखक नवे असल्यानें नांव देत नाहीं. पहिल्या प्रकरणांत प्रकाशाहून जलद जातां येत नाहीं म्हणून नायक शोक करतो, आठव्यांत तो एका गुहेंतल्या योग्याकडून बीजमंत्र घेऊन दुसऱ्या आकाशगंगेंत पोंचतो, आणि दहाव्यांत 'क्वांटम' असा एकच शब्द उच्चारून सगळ्याचा खुलासा होतो. मंत्राच्या कथेला आमची ना नाहीं, यंत्राच्या कथेलाही नाहीं. एका वशाचें उद्यापन न करतां दुसरा घेतला कीं फजिती होते. गुरुजींनीं बंदी घालावयाचीच असेल तर यावर घालावी. पण त्यासाठीं आधीं वाचावी लागेल.

तेव्हां भगिनींस आमचें सांगणें असें. कुलूप तुम्ही काढूं नका, मुलाला चोरून दुसरीं पुस्तकेंही देऊं नका. मामंजींना हा अंक दाखवा आणि त्या तिहींपैकीं कोणतेंही एक पुस्तक त्यांनीं स्वतः परीक्षकाच्या दृष्टीनें वाचावें अशी विनंति करा. लाल पेन्सिल हातांत घेऊन वाचलें तरी चालेल. लेखकानें काय गृहीत धरलें आणि तें कोठें मोडलें याचीं टांचणें त्यांनीं काढावींत, आणि संध्याकाळीं फिरावयास जातांना तीं नातवापुढें ठेवावींत. मुलगा बोलत नाहीं म्हणतां. आवडत्या पुस्तकावर कोणी अन्याय केला तर तेरा वर्षांचें पोर फार वेळ गप्प बसत नाहीं. सासूबाईंना शुक्रवारच्या कहाणीविषयीं आम्हीं वर जें लिहिलें तें वाचून दाखवावें. चूक झाली असल्यास त्यांनीं अवश्य कळवावें.

आमच्या घरची हकीकत अर्धवट राहिली. २०२५ च्या मे महिन्यांत डॉ. नारळीकर निवर्तले, त्या रात्रीं नागपूरहून धाकट्या भावाचा दूरध्वनि आला. नारळीकरांचें प्रत्येक पुस्तक त्यानें वसतिगृहांत आणि पुढें नोकरीच्या गांवीं वाचलें होतें, हें आम्हांस पन्नास वर्षांनीं त्या रात्रीं कळलें. बोलतां बोलतां तो म्हणाला, "दादा, ती बंबांतली कादंबरी तुला आठवते का?" नांव आम्हांस पक्कें आठवत होतें. जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडे बरेच दिवस सांगून ठेवल्यावर एक प्रत हातीं आली. धाडण्यापूर्वीं आम्हीं ती वाचली. आरंभ चांगला, मधला भाग फुगविलेला. उंबरा न ओलांडणारें भूत चवथ्या प्रकरणांत कोणतेंही कारण न देतां जिन्यावर येतें, तेव्हां वसा तेथेंच टाकला, असा अभिप्राय दोन पानांत लिहून पुस्तकांत ठेवला आणि नागपूरला धाडून दिलें.

पुस्तक काल टपालानें परत आलें. आमच्याच अभिप्रायाच्या पाठीमागें त्याच्या बारीक अक्षरांत लिहिलें आहे: "चवथें प्रकरण तूं घाईंत वाचलेलें दिसतेंस. सुनेनें त्याला हांक मारून आंत बोलाविलें आहे, पान ६२ पाहा. शेवट चांगला आहे. पुन्हां वाच आणि पुस्तक परत धाड."

पान ६२ आम्हीं अजून उघडलेलें नाहीं. आज रात्रीं माजघरांतल्या दिव्याखालीं बसून पाहूं.